नखवाला

पाकीट फोडलं आणि आतून माझंच तोंड माझ्याकडे बघून हसलं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. जळगावात मेहरूणच्या माझ्या खोलीत पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. ‘रणकुंड’ या खेळाच्या कंपनीने कुरिअरने नमुना पाठवला होता. त्यांची पद्धत अशी, की जो देशात पहिला येतो त्याचा चेहरा नंतर एका पत्त्यावर छापतात. माझं प्रकरण दोन वर्षं रखडलं आणि आता छापून आलं. चेहरा माझा, खालचे दंड आणि छाती कुणा पहिलवानाची, हातात पेटलेली तलवार. नाव दिलं होतं ‘खानदेशी सेनापती’. तळाला पत्त्याची ताकद सांगणारी ओळ असते, तिथे छापलं होतं: ‘या वीरासमोर कोणतंही कपट चालत नाही.’

ती ओळ मी दोनदा वाचली. मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत आलो, तर तो सेनापती तसाच दात काढून हसत होता.

माझं नाव प्रेमराज. धंदा पत्ते खेळण्याचा. हे वाक्य पारोळा तालुक्यात एकदा बोलून बघा. पोरगी दाखवायला आलेला बाप चहाचा कप अर्धा ठेवून उठतो. मग समजावत बसा, की हे ते बदाम-इस्पिकवाले पत्ते नव्हेत. हे चित्रांचे पत्ते. बंद पाकिटात येतात, आत कुठला निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. त्यातले साठ निवडून जुडी बांधायची, प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं कव्हर घालायचं आणि समोरच्याच्या साठाशी लढवायचे. बुद्धिबळाची डोकेफोड आणि लॉटरीची हाव, दोन्ही एकाच पाकिटात. सांगून झालं की समोरचा म्हणतो, “म्हणजे पत्तेच ना?” मी म्हणतो, हो बाबा, पत्तेच.

धुळ्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये ही खाज लागली. नोकरी धरली आणि वर्षभरात सोडली. गेली पाच वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं, काय मजा आहे! मजा काय आहे ते मी सांगतो. बिनखिडकीचा हॉल, दोनशे पोरं, तीन दिवसांचे शर्ट, गरम प्लास्टिकचा वास. बोटांच्या घामाने कव्हरं चिकट होतात आणि दुसऱ्याची जुडी पिसायला घेतली की त्याचा घाम आपल्या हाताला लागतो. उरलेल्या दिवसांत कॅमेऱ्यासमोर बसून पाकिटं फोडायची आणि सोनेरी पत्ता निघाला की खजिना सापडल्यागत बोंबलायचं. माझं ते बोंबलणं बघून धुळ्या-जळगावची शाळकरी पोरं दुकानाबाहेर पाकिटं फाडतात. हवा तो पत्ता निघाला नाही की बाकीचे तिथेच गटारीत टाकतात. एकदा त्या गटारीत पडलेले राजे-सेनापती बघितले आणि घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी परत बोंबलायला बसलो, कारण कंपनीशी करार तसा होता. माझी किळस अशी चैनीची आहे. येते, पण काम थांबवत नाही.

तरी हे सगळं मी सोसलं ते एका जागेसाठी. ती जागा आमच्या गावात, मारुतीच्या पारासमोरच्या लिंबाखाली अंथरलेल्या ताडपत्रीवर आहे.

आखाजीला खानदेशात बाया झोक्यावर गाणी म्हणतात आणि बाप्ये पत्ते खेळतात. वर्षभर पत्त्याला शिवणार नाही असा माणूसही त्या दोन-तीन दिवसांत फडावर बसतो आणि त्याला कोणी जुगारी म्हणत नाही. आमच्या फडावर पत्ते वाटण्याचं काम एकाच माणसाकडे असतं. तो म्हणजे माझा बाप, शालिग्राम आबा. पंचवीस वर्षं तोच वाटतो, कारण त्याच्या हाताबद्दल गावात कोणाला शंका नाही. फडाचे कायदे दोन. पहिला, पोरगा कितीही घोडा झाला तरी बाप ‘बठ’ म्हणत नाही तोवर बसायचं नाही. दुसरा कायदा नखाचा.

पत्ता ओळखू यावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाने खूण दाबतात, त्याला आमच्याकडे नख लावणं म्हणतात. माझा सख्खा काका, अभिमन काका, त्यात उस्ताद होता. मी सहा वर्षांचा असताना तो आबाच्याच हाती सापडला. आबाने आरडाओरडा केला नाही. पत्ते गोळा केले, नवी जुडी मागवली आणि वाटताना काकाला वगळलं. बस, एवढंच. मी घरी विचारलं तेव्हा आबा म्हणाला होता, “वरडानं नही. फक्त परत त्यानासंगे बठानं नही.”

त्याला बावीस वर्षं झाली. दोघे भाऊ एका चुलीवर जेवतात, एका ट्रॅक्टरने शेत करतात. काकाला कावीळ झाली तेव्हा आबा पंधरा दिवस दवाखान्यात त्याच्या खाटेखाली झोपला. पण आखाजीला काका ताडपत्रीवर नसतो. तो समोरच्या दगडी ओट्यावर एकटा बसून लांबूनच डाव बघतो, हसतो, टोमणे मारतो. दुपारी दोघे एकाच ताटातल्या सांजोऱ्या खातात आणि पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात.

त्याच ओट्यावर बसून काकाने मला नख शिकवलं. मी दहा वर्षांचा होतो. काकाला चेला पाहिजे होता आणि मला करमणूक. खूण इतकी बारीक दाबायची की डोळ्याला दिसू नये, फक्त अंगठ्याला कळावी. मला ते काकापेक्षा चांगलं जमायला लागलं. वापरलं मात्र कधीच नाही, म्हणजे पुण्यापर्यंत नाही.

पुण्याला देशाचा अंतिम सामना होता आणि माझ्यासमोर ज्योत्स्ना बसली होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची पोरगी. धुळ्याला होस्टेलवर राहून लॅबचा कोर्स करत होती, मैत्रिणीच्या उसन्या पत्त्यांवर खेळ शिकली होती. तिची जुडी ओढणीच्या तुकड्यात बांधलेली, कव्हरं सगळ्यात साधी. आणि खेळायची अशी की बघत राहावं. पहिल्या डावात तिने मला चारीमुंड्या चीत केलं. दुसरा मी कसाबसा काढला. तिसऱ्याच्या आधी पंधरा मिनिटं विश्रांती होती.

‘रणकुंड’मध्ये दर खेळीला ठरवायचं असतं, की जुडीवरचा पहिला पत्ता उचलायचा की न बघता तळाला सारायचा. सगळे अंदाज बांधतात. सगळा खेळ त्या अंदाजावर आहे. माझ्या जुडीत चार पत्ते असे होते की ते वेळेवर हाती आले तर ब्रह्मदेवही हरेल. विश्रांतीत मी संडासात गेलो, कडी लावली आणि त्या चार पत्त्यांच्या कव्हरांना नख लावलं. हात आपोआप गेला, असं सांगायला बरं वाटलं असतं. पण ते खोटं आहे. मी ठरवून केलं. कमोडवर बसून, शेजारच्या माणसाचे आवाज ऐकत, शांतपणे एकेक कोपरा दाबला. ज्या दिवसाचा आता पत्ता छापलाय, तो दिवस खरा असा होता.

कव्हरांची तपासणी सकाळीच झाली होती. तिसऱ्या डावाआधी नियमाप्रमाणे ज्योत्स्नाने माझी जुडी काटायला घेतली. तिचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग जुडी काटली आणि माझ्यापुढे ठेवली. मी जिंकलो.

त्यानंतर ती कुठल्याच स्पर्धेत दिसली नाही. मुलाखतीत मला विचारायचे, ती गुणी मुलगी कुठे गेली? कोणीतरी म्हणायचं, परवडलं नसेल हो, त्या लोकांची परिस्थिती. आणि मी मान डोलवायचो.

गावात मात्र माझी पत वाढली. पेपरात फोटो आला. पारोळ्याला सत्कार झाला, शाल अंगावर पडली आणि एका पुढाऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवून स्वतःचंच भाषण ठोकलं. इतकी वर्षं माझ्या पत्त्यांना ‘चित्रासना पत्ता’ म्हणून हिणवणाऱ्या आबाने पेपरातलं ते कात्रण पाकिटात ठेवल्याचं आईने फोनवर सांगितलं. आणि या वर्षी, आखाजीच्या आधी, तिने निरोप दिला की आबा म्हणालाय, यंदा प्रेमराजला बसवणार आहे.

नमुन्याचा पत्ता आला त्याच दिवशी कंपनीच्या स्वप्नीलचा फोन आला. तो जळगावचाच, कंपनीचे इकडचे कार्यक्रम बघतो. “प्रेमराजभाऊ, आखाजीनंतर धुळ्याला पत्त्याचं प्रकाशन. तुम्ही आणि ज्योत्स्ना, पुण्याचा सामना पुन्हा. लोक वेडे होतील. ती माझा फोन घेत नाही, तुम्ही बोलून बघा ना.”

मी दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी धरली. का गेलो, हे नक्की सांगता येत नाही. कदाचित तिने काही ओळखलंच नव्हतं, एवढं ऐकायला गेलो असेन.

ज्योत्स्ना एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करत होती. स्पिरिटचा वास, कोपऱ्यातल्या बादलीत रक्ताचे बोळे. हातमोजे घालून ती नळ्यांवर नावं चिकटवत होती. मला ओळखलं, बसा म्हणाली, हातातलं काम सोडलं नाही.

मी प्रकाशनाचं सांगितलं. सामन्याचं सांगितलं. ती म्हणाली, “नाही भाऊ, मी नाही बसणार.”

“सुट्टी मिळत नसेल तर कंपनी बोलेल.”

“सुट्टीचं काही नाही.” तिने एक नळी उजेडात धरून बघितली. “तुमच्या जुडीला नख होतं. मी काटताना बोटाला लागलं.”

बाहेर कोणीतरी लहान मूल सुईला घाबरून रडत होतं. मी म्हणालो, “मग बोललात का नाही? हात वर करायचा होता. पंच होता तिथे.”

“हात वर केला असता तर पंचाने आधी कोणाची जुडी तपासली असती? माझी पत्ते बांधायची चिंधी बघूनच तो दोनदा हसला होता.” हे ती रागाने बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. “आणि मला वाटलं, एखाददोन खेळ्यांनंतर तुम्हालाच लाज वाटेल. मी वाट बघत होते. शेवटपर्यंत बघितली.”

“म्हणून तुम्ही खेळ सोडला?”

“आखाजीला आमच्या गावातही बसतात भाऊ. नखवाल्यावर ओरडत नाहीत, त्याच्यासोबत परत बसत नाहीत. आता प्रत्येक स्पर्धेत शेवटी तुम्हीच समोर येणार. मग कशाला बसू?” तिने मोजा काढून बादलीत टाकला आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

परतताना पारोळ्याच्या आधी एसटी पंक्चर झाली. रस्त्यावर उभा राहून मी स्वप्नीलला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, संडासासकट. पलीकडे त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हसला.

“भाऊ, पत्ते छापून झाले.”

“मी काय सांगतोय ते कळतंय का तुला?”

“कळतंय. पाकिटं गोदामात गेली. आता हे कोणाला सांगू नका. तिला काही बक्षीस वगैरे देऊ आपण, आदिवासी खेळाडू म्हणून. चांगलं दिसेल.”

मला त्याची इतकी घाण वाटली की फोन झाडीत भिरकावून द्यावासा वाटला. पण दिला नाही. मी ‘बरं’ म्हणालो. खरं सांगतो, ‘बरं’ म्हणालो. त्या एका शब्दाची जी घाण वाटते, तिच्यापुढे स्वप्नील म्हणजे गंगाजळ.

आखाजीच्या आदल्या दिवशी गावी गेलो. माझ्या बॅगेत कोकिळाबाईला, म्हणजे माझ्या आईला, तो पत्ता सापडला. तिने तो पदराने पुसला आणि थेट देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला. मी काढायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. “ऱ्हाऊ दे! देवपुढे ऱ्हाऊ दे आखाजीभर.” दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सेनापतीच्या नाकावर हळदकुंकू. समोर पितरांच्या नावाने नव्या घागरीची पूजा, आमरसाचा नैवेद्य, आणि वाडवडलांच्या रांगेत मी.

फड सकाळी दहालाच भरला. ऊन मी म्हणत होतं, लिंबाखाली तेवढी सावली. पंधराएक जण गोल बसलेले. ओट्यावर अभिमन काका, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी नेहमीसारखा कडेला उभा राहिलो. आबाने पत्ते पिसता पिसता वर बघितलं, जरा सरकला आणि उजव्या हाताला ताडपत्रीवर तळवा आपटला.

“बठ.”

अठ्ठावीस वर्षं या एका शब्दाची वाट बघितली होती. मी बसलो. शेजारच्या धनसिंगने पाठीत धपाटा घातला. “आते बाप-लेक एकच फडमा!” कोणीतरी शिट्टी मारली. झोक्यावरच्या बायांचं गाणं पलीकडच्या गल्लीतून ऐकू येत होतं.

आबा कधी भाषण करत नाही. पण त्या दिवशी त्याने पत्ते मांडीवर ठेवले आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, “हाऊ मना पोऱ्या. इतला मोठा मुलूख जिकी उना, पन नख लावं नही.”

हे म्हणताना त्याने ओट्याकडे बघितलंही नाही. काका मात्र माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. त्याला माहीत होतं. मी काही सांगितलं नव्हतं तरी त्याला माहीत होतं, कारण शिकवणाऱ्याला आपला धडा कुठे वापरला गेला ते कळतं.

आबा वाटायला लागला असता तर मी पत्ते उचलले असते. सेनापती बनून देव्हाऱ्यात बसलो, तसा इथेही बसलो असतो, आणि मरेपर्यंत बसलो असतो. ते मला स्पष्ट दिसलं.

“आबा,” मी म्हणालो, “मी नख लावं व्हतं.”

त्याला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून मी पुन्हा सांगितलं. पुण्याला, शेवटच्या डावाला, शिरपूरकडच्या पोरीसमोर. चार पत्त्यांना.

 मला वाटलं, आता चपला पडतील. पडू देत, मी त्यासाठीच बोललो होतो. पण एकदम हशा उसळला. धनसिंग मांडीवर थाप मारून हसत होता. “बठ्ठा करतस रे भाऊ! सापडना तो चोर!” म्हणजे सगळेच करतात, सापडला तोच चोर. दुसरा कोणी म्हणाला, “ती बोलनी का काही? नही ना? मंग!” म्हातारा पितांबर, ज्याला दात नाहीत, तोही हिरड्या दाखवत हसत होता. ओट्यावरून काका ओरडला, “मी शिकाडं व्हतं त्याले! मना चेला शे!” आणि त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा फडाने टाळ्या दिल्या. कोणीतरी मला विडी पुढे केली. ज्या गोष्टीने दोन वर्षं मला जेवण गोड लागलं नाही, ती यांना जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी लागली. ती पोरगी त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हती. सत्काराला हीच माणसं पुढच्या रांगेत होती.

आबा हसत नव्हता. चिडलेलाही नव्हता. त्याने मांडीवरचे पत्ते उचलले, पुन्हा एकदा सावकाश पिसले आणि पितांबरकडून काटून घेतले. हशा हळूहळू विरला, कारण आबाचा हात चालू झाला की फड गप्प होतो.

पहिला पत्ता नेहमी उजवीकडच्याला जातो. आबाच्या उजवीकडे मी होतो. त्याचा हात माझ्या गुडघ्यावरून पुढे गेला आणि पत्ता धनसिंगपुढे पडला. मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला. गोल फिरून हात परत आला, पुन्हा माझ्यावरून गेला. तिसऱ्यांदाही गेला. सगळ्यांपुढे तीन-तीन पत्ते पडले आणि माझ्यापुढे रिकामी ताडपत्री.

मी आबाच्या तोंडाकडे बघितलं. तिथे राग असता तर बरं झालं असतं. तो आपले पत्ते बघत होता, काकाला वगळून बावीस वर्षं बघतो तसा. दुपारी तो मला स्वतःच्या हाताने आमरस वाढेल, हे मला माहीत होतं. आजारी पडलो तर खाटेखाली झोपेल, हेही.

“चाल, खेळा,” आबा म्हणाला. हसणाऱ्या त्या सगळ्यांनी माना खाली घालून पत्ते उचलले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

मी उठलो. चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी कोणाच्या तरी मांडीखाली होती, ती तशीच सोडली. उन्हात उभा राहिलो तर तळवा भाजायला लागला.

ओट्यावर अभिमन काका एका बाजूला सरकला. शेजारचा दगड त्याने टोपीने झटकला, आणि लांब नखाच्या अंगठ्याने मला खूण केली.

“ये, आठे बठ,” तो म्हणाला. “आठेथून बठ्ठा डाव दिखस.”